पान त्रेसष्ट

लहरीपुरा दरवाजा ओलांडून,
घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या डाव्या हाताला
रंगराव कदमबांड्यांचं दुकान.
पाटी नाही.
चकत्या गळालेलं एक लेझीम खिळ्याला.

कुणी दहावीचं गाइड मागितलं तर म्हणत,
"समोर जा ने.
आपल्याकडे फक्त दम लागणारी पुस्तकं."

आणि लागायचाच.
कुस्ती सगळ्यात खाली, वजनामुळे.
तिच्यावर खो-खो, हुतूतू, आट्यापाट्या:
पातळ पुस्तिका, हात लावला की निसटायच्या.
बुद्धिबळ खिडकीशी, तिथं उजेड जरा जास्त थांबतो.
क्रिकेट काचेच्या कपाटात
आणि किल्ली रंगरावांच्या करदोट्याला.

मी दम्याचा पोरगा.
मैदानावर मला चपला राखायला बसवत.
धोबीपछाड, कलाजंग, ढाक,
सगळे डाव मी पुस्तकात बघून उशीवर टाकले.
उशी एकदाही जिंकली नाही.

पण जीव होता तो मल्लखांबाच्या एका पुस्तकावर.
चार रुपये, दोन हप्त्यांत.
पुठ्ठ्यावर एरंडेलाचा डाग,
कुणाच्या तरी अंगठ्याएवढा.
पान बासष्टवर सुईदोरा:
मिसरूड न फुटलेला एक मुलगा,
डोकं खाली, टाचा वर,
आणि चित्राखाली बारीक अक्षरात
'आता उतरताना मात्र'
समोर पासष्ट.
मधलं पान गेलेलं.

तीस वर्षं.
मकरपुऱ्यात पंपांच्या कारखान्यात हिशेब लिहिले,
लग्न झालं, मुलगी झाली, इनहेलरचा रंग बदलला.
तो तसाच, उलटा.
रात्री पाठ टेकली की मीच विचारायचो,
मात्र काय?

गेल्या शनिवारी फोन.
"सापडलंय. ये. सेवउसळ आण, पाव जास्त."

बिलिमोऱ्याच्या एका बंद पडलेल्या व्यायामशाळेचं कपाट
किलोवर आलं होतं. त्यात दुसरी प्रत.
कोरी. तेलाचा थेंब नाही.
एकसष्टपर्यंत आलो, पुढचं पान उलटेना.
बासष्ट-त्रेसष्ट कडेला जुळलेली,
छापखान्यातून आली तशी, न कापलेली.
वरच्या फटीतून डोकावलो.
अंधारात दोन टाचा.

म्हणजे या प्रतीत
तो अजून कुणाला दिसलाच नव्हता.

रंगरावांनी स्टीलची फूटपट्टी सरकवली.
"काप. भावाचं मग बघू."
चौऱ्याऐंशीचे ते, उसळीत पाव बुडवत म्हणाले,
"मी मारलाय सुईदोरा. तोंडी सांगू?"
"नको," म्हणालो.

शेजारी घड्याळजीकडे पाच वाजले,
मग परत पाच, मग एका घड्याळात सव्वाचार.
कागद कुरकुरत उघडला.

'श्वास कोंडू नये. हात पुसावेत.
पुढील गड्यास जागा द्यावी.'
एवढंच.
आणि चित्रात तो खाली उभा,
लंगोट नीट करत, बाजूला कुठंतरी बघत.
चित्रकाराची चूक असेल, दुसरा चित्रकार असेल,
त्याला या पानावर मिशा होत्या.

मी बराच वेळ तिथंच, स्टुलावर.
रंगरावांनी ताटली चाटूनपुसून ठेवली.
"दोनशे दे. आणि ती जुनी आणून टाक."
"तिच्यात त्रेसष्ट नाही."
"म्हणूनच," ते म्हणाले,
"पान नसलेलं पुस्तक
पोरं जास्त दिवस वाचतात."