बद्द

झेस्ताफोनी सोडलं की हमरस्त्याच्या कडेने
मडक्यांच्या रांगा लागतात. तिथल्याच एका आवारात
अनझोर माणसाहून उंच रांजण घडवतो,
गळ्यापर्यंत जमिनीत पुरून द्राक्षाचा रस मुरवायचे.
भट्टी निवली की तो आत डोकावत नाही.
बोटाच्या पेराने एकदा वाजवतो, कान देतो.
खणखणला तर दारूचा.
बद्द वाजला तर कोंबड्यांचा.

त्सियाला त्याची थोरली बहीण.
एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.
आता भट्टीमागच्या खोलीत, ओल्या मातीच्या गोळ्यांशेजारी,
तिचं जुनं यंत्र रात्रंदिवस घुरघुरतं
एकाच संख्येच्या मागे.

संख्या सांगायला सोपी.
दोन घ्या. त्याचा वर्ग करा. त्या वर्गाचा वर्ग.
असं वीस वेळा.
मग आहेराच्या पाकिटात घालतात तसा
वर एक.

लिहायला मात्र
तीन लाख पंधरा हजार सहाशे त्रेपन्न आकडे.
सुरुवात सहा सात चार एक, शेवट सदतीस,
मधलं तिने एकदाच छापून पाहिलं.
शंभरावर पानं झाली.
अनझोर ती चुरगाळून रांजणांच्या मध्ये कोंबतो,
ट्रकमध्ये एकमेकांवर आपटू नयेत म्हणून.

हिची थोरली भावंडं: तीन, पाच, सतरा,
दोनशे सत्तावन्न, पासष्ट हजार पाचशे सदतीस.
पाचही अखंड. कुणाचा भाग म्हणून जात नाही.
सहाव्याला सहाशे एक्केचाळीसने फोडलं
आणि घराण्याचं नाव गेलं.

ही एकविसावी.
त्सियाला नोकरीत नवी होती तेव्हा दूर कुठेतरी कुणी
एक ठरलेलं, लांबच लांब गणित हिच्यावर वाजवून पाहिलं,
आणि शेवटी जी बाकी उरायला हवी होती
ती उरली नाही.
म्हणजे मूळ संख्या नव्हे. म्हणजे तडा आहे.
कुठे आहे, ते त्या गणिताला विचारायचं नसतं.
आजवर एक विभाजक कुणाच्या हाती लागलेला नाही.

चाल तेवढी ठाऊक आहे:
असेल तो, एकेचाळीस लाख चौऱ्याण्णव हजार तीनशे चारच्या
कुठल्यातरी पटीहून एकाने जास्त असेल.
यंत्र त्या ढांगा टाकत जातं.
भागतं. बाकी उरते. पुढे.
वीज जाते, येते. पुन्हा त्याच पायरीपासून.
बाकी उरते.

जेवताना अनझोर म्हणाला,
बद्द वाजली ना? मग सोड नाद.
नाहीतर पाणी भरून ठेव रात्रभर.
सकाळी बाहेरून ओल दिसेल, तिथे तडा.

ती म्हणाली, हिच्यात पाणी भरता येत नाही.

तो भाकरी मोडत म्हणाला,
मग एवढी मोठी केली कशाला?

त्याच हेमंतात भट्टीतून एक रांजण निघाला,
लालसर, पोटाशी देखणा. अनझोरने पेर मारलं.
बद्द.
पुन्हा मारलं. बद्दच.
कंदील घेऊन तो आत उतरला, हात फिरवला, थुंकी लावून पाहिली,
मग नळी सोडून काठोकाठ भरला.
सकाळी बाहेरून कोरडा.
दुसऱ्या दिवशी कोरडा. तिसऱ्या दिवशी
त्सियाला स्वेटर ओढून बाहेर आली, पाण्याची रेघ पाहिली,
केसभर उतरली नव्हती.
तिने स्वतः वाजवला. बराच वेळ कान लावून उभी होती.
काही बोलली नाही. आत जाऊन यंत्राची धूळ पुसली.

तो रांजण अजून फाटकाशी आहे.
कोंबड्यांनाही दिला नाही.
गाडी थांबवून कुणी भाव विचारलाच
तर अनझोर सांगतो, विकायचा नाही, तडा आहे त्याला.

कुठे?

ते बहिणीला विचारा, म्हणतो,
आणि मातीत पाय घालतो.