मालक : रूट

कीथलीच्या लायब्ररीत, तळघरात, दर मंगळवारी
आम्ही मोडकं दुरुस्त करून देतो. फुकट.
टोस्टर, घड्याळं, एकदा कुणाचं तरी शिवणयंत्र.
माझ्या टेबलावर कॉम्प्युटर,
बाजूला किटली, आणि डोरीनबाईंचा केक
जो कुणीच संपवत नाही.

क्लिफर्ड ऑगडन, वय एक्क्याऐंशी, आपला लॅपटॉप
टॉवेलात गुंडाळून आणतात,
आजारी पाखरू आणावं तसा.
मागच्या महिन्यात मीच त्यात लिनक्स घातलं,
जुन्या डिस्कवरचे फोटो ओढून काढले.
आज तक्रार एकच :
"मागे माझी निळी मादी लावली होती.
सकाळी उघडलं तर काळं."
निळी मादी म्हणजे त्यांची कबुतरी.
फ्रान्समधून सोडलेली सगळी वादळात हरवली त्या वर्षी
ती एकटी परत आली.
दोन दिवस उशिरा. बक्षीस नाही. फोटो तेवढा.

मी टर्मिनल उघडलं.
"हे तर आणखी काळं," ते म्हणाले.

फाइल होती. नाव होतं. आकार होता.
पण डेस्कटॉपला ती वाचायची परवानगी नव्हती.
नीट यादी मागवली तेव्हा ओळ आली :
आधी एक रेघ, मग आर, मग डब्ल्यू, मग सात रेघा,
आणि मालकाच्या जागी, रूट.

"कोण हा रूट?"
मला आधी मराठीतच उत्तर सुचलं : मूळ.
मग म्हटलं, मशीनचा थोरला मालक. त्याला सगळं चालतं.
"फोटो मी काढला," ते म्हणाले.
"खुराड्याच्या दारात. गुडघ्यावर बसून."

चूक माझी होती. ते सांगायला मला
अख्खा एक कप चहा लागला.
इचलकरंजीत वडील सुताच्या हिशेबात
पानाच्या माथ्यावर श्री घातल्याशिवाय आकडा लिहीत नसत.
तशी मी प्रत्येक ओळीआधी सुडो लिहीत गेले होते.
काम अडू नये म्हणून.
कुणी विचारू नये म्हणून.
फोटो रूटच्या हाताने उतरवले, ते रूटचे झाले.
सेटिंग त्याच हाताने उघडलं, तेही त्याचंच.
म्हाताऱ्याच्या घरात म्हाताऱ्यालाच
भिंत रंगवता येईना.

त्या सात रेघांकडे मी जरा जास्तच वेळ बघितलं.
पहिली मालकाचीच, चालवण्याची. फोटोला ती नकोच असते.
पुढच्या तीन गटाच्या.
शेवटच्या तीन 'इतरां'च्या.
या देशात फॉर्म भरताना
मी कितीदा 'इतर'वर खूण केली आहे
आणि पुढच्या रेघेवर काय लिहावं ते न सुचून
ती तशीच सोडली आहे.

असो.
उपाय एका ओळीचा. मालकी बदलायची आज्ञा.
तिचा उच्चार मी 'चाऊन' असा करते,
घास चावून खा म्हणायचे लहानपणी, तसा.
(हा विनोद ऑगडनना समजावण्यात पाच मिनिटं गेली. हसले नाहीत.)
पासवर्ड मागितला. त्यांनी टाइप केलं, थांबले.
"बटणं बिघडली. काहीच उमटत नाही."
उमटत नाही ते. ठिपकेसुद्धा नाहीत. विश्वासाने लिहायचं.
"जी बी," ते मोठ्याने म्हणत दाबू लागले, "सत्याऐंशी, एन..."
तिच्या पायातल्या कडीवरचा नंबर.
मी पाठ वळवली तोवर निम्मा ऐकून झाला होता.

आणि ती आली.
ताणलेली, आडवी फुगलेली,
कचऱ्याच्या डब्याचं चित्र नेमकं डोळ्यावर.
बंद करून परत चालू केलं. होती.
माउस विसरून त्यांनी बोटानेच डबा बाजूला सारायला पाहिलं.
काचेवर ठसा उरला, डबा तिथेच.

"आता हे माझं?"
हो.
"मग तुला आत येता येईल?"
येईल, म्हटलं. निम्मा पासवर्ड ऐकलाय. बदला.
कसा ते दाखवलं आणि उठून
रेडिएटरपाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.
मागे एकेक बटण वाजत होतं, सावकाश,
दोन बोटांच्या चालीने.
पडद्यावर काहीच उमटत नसणार.
ते लिहीत होते.