चावी

माझ्याकडे गावाची चावी आहे.
हातभर लोखंडी, वर आडवा दांडा,
पंचायतीनं सही घेऊन दिलेली.
रोज सहाला टाकीखालच्या खड्ड्यात वाकतो,
वॉल्व्ह सोडतो,
आणि अडुसष्ट घरांच्या अडुसष्ट नळांतून
वारा येतो.

पहिल्या आठवड्यात पोरं नळाला कान लावायची.
आता देवकाबाईच्या नळाला शेळी बांधलेली असते,
भिका धूमच्या नळावर चड्डी वाळते.

पाणी खाली आहे, उंबराच्या झिऱ्यात.
दरी उतरायची, मग रांग दगडांची.
ज्याचा दगड पुढं, त्याची वाटी आधी.
एका हंड्याला ऐंशी वाट्या,
मार्च सरला की दीडशे,
कारण वाटी अर्धीच भरते.
गढूळ आलं की हात आवरायचा,
झिऱ्याला दम खाऊ द्यायचा.

परवा पेठहून साहेब आले. कोवळे होते,
बुटात खडा गेलेला, ओठ सुकलेले.
म्हणाले, फोटो लागतो नळाचा,
पाणी पडतानाचा.
नाहीतर हप्ता अडकतो,
आणि मोटर हप्त्यातच आहे.

कुणी काही ठरवलं नाही.
देवकाबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली
आणि बाकीच्या उठल्या.
अकरा हंडे दरीतून वर,
तिथून शिडीनं टाकीत.
शेवटचा हंडा हौसा गावितचा,
सहावा महिना होता तिला,
तो मी घेतला.
बाकीच्या लायनी बंद केल्या,
शेळी सोडली,
चावी फिरवली.

नळ आधी खोकला.
मग गंज थुंकला.
मग आलं.

साहेब म्हणाले, हसा जरा.
देवकाबाई हसली नाही,
तिचं लक्ष तांब्याकडे होतं.
भरला तसा तिनं एक घोट घेतला,
जिभेवर फिरवला.
"उंबराचा वास येतोय," म्हणाली,
"माझंच आहे हे."
आणि तोच तांब्या साहेबांपुढे धरला.
ते वरून प्यायले, गटगट,
शर्टावर सांडेपर्यंत.
सांडलेलं शेळीनं चाटलं.

फोटो गेला म्हणे त्याच रात्री,
जिथं रेंज मिळते त्या वळणावरून.

गावाला मात्र अकरा हंडे कमी पडले.
अंधार पडायच्या आत बाया पुन्हा उतरल्या,
मागोमाग मीही, चावी खांद्यावर टाकून.
झिऱ्याच्या तळाला बोटभर गाळ बसलाय,
तो हातानं निघत नाही.
चावी बरी पडते त्याला.
पंचायतीत बोलू नका.