कळ

सोहारच्या बंदरामागे, टाकी नंबर सतराच्या पोटाशी
बेचाळीस मीटरवर मी पट्ट्याने लोंबकळत असताना
खालून प्रॉसरसाहेब ओरडला,
हँग इन देअर, कुबल!

मी म्हटलं, दुसरं काय करतोय साहेब.

वाऱ्यात त्याला ते येस सर ऐकू आलं असावं.
संध्याकाळी गनी पावसकरने फोड करून सांगितली:
अरे, दम धर म्हणतो तो. होईल सगळं.
एवढंच होतं तर तसं म्हणायचं की.
तरी मी डायरी काढली
आणि क्लॅम्प मोजलेल्या पानावर, देवनागरीत, लिहून ठेवलं.

तेव्हापासून साहेबाचं बोलणं गोळा करतो,
खोलीतला तेलुगू पोरगा
अत्तराच्या रिकाम्या बाटल्या जमवतो तसं.

ऑगस्टात शर्ट पाठीला चिकटतो, पाठ गादीला.
स्टिक इट आउट, असंही म्हणतात म्हणे.
ते कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

बाइट द बुलेट मात्र कितीतरी दिवस चुकीचं समजलो.
बुलेट म्हणजे गोळी, इतकं माहीत होतं,
आणि कॅम्पच्या दवाखान्यात गोळी एकच, पॅनाडॉल.
पाठ धरली, पॅनाडॉल. बोट चेमटलं, पॅनाडॉल.
बाबा गेल्याचा फोन आला आणि तिकीट मिळेना
तेव्हाही डॉक्टरने तीच पट्टी पुढे सरकवली.
मी खरंच चावली. पाण्याशिवाय.
कडू चव जेवणाच्या सुट्टीपर्यंत राहिली,
सुट्टीनंतर मी पाइप चढवायला गेलो.
पुढे कळलं, अर्थ साधारण तोच.

सुहासिनीला फोनवर ऐकवलं, थ्रू थिक अँड थिन.
घट्टात आणि पातळात, दोन्हींत सोबत.
ती म्हणाली, पातळाचं मला नका सांगू,
महिनाअखेरची आमटी मीच वाढते.
मग गप्प. मागे शेजारणीचा मिक्सर.
बावीस वर्षांचं लग्न,
वर्षाला पंचेचाळीस दिवस रजा.
एका रात्री डायरीच्या शेवटच्या पानावर गुणाकार केला
आणि ते पान फाडून टाकलं.

सगळ्यांत आवडला तो लाँग हॉल.
नवी पोरं आली की साहेब विचारतो,
आर यू इन इट फॉर द लाँग हॉल?
पोरं माना डोलावतात.
हॉल म्हणजे ओढणं, गनी म्हणाला. लांबलचक ओढणं.
अरे, मग ही तर रापण!
तळाशीलच्या वाळूत, पहाटे, दोन्ही टोकांना माणसं,
कमरेला दोर, टाचा रुतवून मागे मागे चालायचं,
समुद्राकडे तोंड, घराकडे पाठ.
जाळ्यात काय आहे ते तासभर कुणालाच ठाऊक नसतं.
कधी बांगडा. कधी नुसतं शेवाळ आणि कुणाचीतरी चप्पल.
पण दोर मधेच सोडला, असं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही.
इथेही दोर धरूनच आहे मी,
फक्त जाळं तिकडच्या किनाऱ्याला पडलंय.

गेल्या गुरुवारी साहेब पाइपांच्या ढिगावर बसलेला.
हेल्मेट मांडीवर.
वेल्समध्ये बायको इस्पितळात, विमान परवाचं.
मी खिसा चाचपला.
त्याचीच वाक्यं त्याला परत कशी द्यायची?
शेजारचं भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत.
घरात होतं ते घातलं:
साहेब, जरा कळ काढा.

व्हॉट्स दॅट?

मी छातीवर हात ठेवला. मग पोटावर. मग गुडघ्यावर.
कळ इथे येते, किंवा इथे.
आणि काढायची म्हणजे, साहेब, काढून टाकायची नसते.
तिला राहू द्यायचं. ती असताना उभं राहायचं.
माझं इंग्रजी तिथे संपलं.

त्याने मान हलवली. कळलं की नाही, देव जाणे.
खिशातून मार्कर काढला
आणि हातमोज्याच्या पाठीवर
त्याच्या लिपीत काहीतरी लिहून घेतलं.