भाडं

रेडरुथहून रात्री नऊ-पाचची बस.
दोघींचं जाऊन-येऊन एकोणपन्नास पौंड,
तेही दोन महिने आधी काढलं म्हणून.
केरेन्सा खिडकीशी, मी कडेला.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
इथे अंथरूण नव्हतंच, आणि पाय
पुढच्या माणसाच्या पाठीत रुतलेले.

डब्यात आठ सँडविचेस.
हिशोब असा: दोन रात्री, दोन पहाटे, चार परतीला.
ब्रिस्टल यायच्या आत तिनं तिसरं मागितलं.
घे, मला भूकच नाही, म्हणाले मी,
माझी आई म्हणायची त्याच आवाजात.

पहाटे चारला बर्मिंगहॅम.
बस-स्थानकाच्या बाथरूममध्ये तिनं दात घासले
आणि निळा शर्ट घातला,
जो मी घडी मोडू नये म्हणून
दोन वह्यांच्या मध्ये दाबून आणला होता.
तरी कॉलर चुरगळलीच.
हात वाळवायच्या यंत्राखाली मी ती ताणून धरली,
यंत्र थांबलं की पुन्हा हात पुढे करत.

लीड्सला मुलं रस्त्यातच उभी होती,
हात हलवत, जणू आम्हालाच ओळखतात.
चहा फुकट, बिस्किटं फुकट, कापडी पिशवी फुकट.
पेनं टेबलावर पसरलेली.
मी दोन घेतली. मग कोणी बघत नाही असं बघून
आणखी दोन.
तिच्या गळ्यातल्या पट्टीवर तिचं नाव,
माझ्या पट्टीवर नुसतं 'पालक'.

मोत्यांचे डूल घातलेली एक आई
रांगेत माझ्याशी बोलायला लागली:
काल आम्ही एडिंबरा केलं, परवा डरम,
तुम्ही कुठे उतरलात?
बर्मिंगहॅमला, मी म्हटलं.
ते काही खोटं नव्हतं.

मग वसतिगृहाची खोली.
आठवड्याला एकशे साठ, फर्गस म्हणाला,
आमचा वाटाड्या, दुसऱ्या वर्षाचा, कानापर्यंत लाजणारा.
उन्हाळ्यात मी कॅरव्हॅन साफ करते,
एका कॅरव्हॅनचे नऊ पौंड.
म्हणजे अठरा. अठरा चादरजोड्या, अठरा सिंक,
सोफ्यांखालची वाळू अठरा वेळा,
आणि मग हिचा एक आठवडा.
केरेन्सानं आकडा ऐकला नसावा.
किंवा ऐकला, आणि म्हणूनच
ती खिडकी उघडून बाहेर बघत राहिली.

भूशास्त्र विभागाच्या जिन्यात काचेचं कपाट होतं.
आई, इकडे ये.
एक दगड. मुठीएवढा, काळा, एका कडेला चमकणारा.
चिठ्ठीवर शाईनं: कथिलाचं खनिज, व्हील डोर्कस, कॉर्नवॉल.
आमच्या मागच्या कुंपणापलीकडे
व्हील डोर्कसचं धुराडं अजून उभं आहे,
त्यात कावळे राहतात.
माझे पणजोबा त्या खाणीत उतरले ते चौदाव्या वर्षी,
आणि कॉर्नवॉलच्या बाहेर कधी गेले नाहीत.

इथवर आला हा, मी म्हटलं,
याचं भाडं कोणी भरलं?
फर्गस हसला. मग हसायचं थांबला.
विचारून सांगतो, म्हणाला,
आणि खरंच हातावर लिहून घेतलं.

दुपारी शेफील्ड बघायचं होतं.
तिथलं वेगळं तिकीट, दोघींचे चौदा पौंड,
पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळे ठेवलेले.
केरेन्सा बाकावर बसली, बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली.
शेफील्ड नको, म्हणाली.
मला तिथलं फारसं काही बघायचंच नाहीये.

पटकन म्हणाली, वर न बघता.

तो आवाज मी ओळखते.
चार पिढ्या आमच्या घरात
तो बायकांच्या तोंडून निघतोय, जेवणाच्या वेळी.

ऊठ, मी म्हटलं,
अडीचची गाडी आहे.