गो, वेंट, गॉन

घणसोलीच्या समाजमंदिरात, वरच्या मजल्यावर,
मंगळवार-शुक्रवार, साडेसात ते नऊ.
फळा एका खिळ्यावर. पंख्याला एकच वेग.
मी लिहिते : गो, वेंट, गॉन.

मागून सुगंधा मढवी, हात वर न करताच :
‘मॅडम, यातला ग कुठं गेला?’

सगळे हसतात.
मी पुस्तकातलं सांगते, की वेंट मुळात
दुसऱ्याच क्रियापदाचा,
भूतकाळापुरता दत्तक आणला, तो इथंच राहिला.
त्यांना पटत नाही. घरचं पोर असताना
शेजारचं कशाला?

मग मी विचारते, आपण काय म्हणतो?
आज जातो. आणि काल?
‘गेलो,’ म्हणतो नरेश भगत, एटीएमचा वॉचमन,
आणि तिथंच अडतो.
ज कुठं गेला?
चाळीस वर्षं त्याच तोंडातून ये-जा होती,
कुणी हजेरी घेतली नव्हती.

सुगंधाबाई महापेला हाऊसकीपिंगला.
पहिल्याच आठवड्यात, संध्याकाळी पिशवी उचलून
साहेबांना म्हणाल्या, ‘आय कम, सर.’
साहेब शिस्तीचे. पावणेआठपर्यंत
स्टोअरची चावी घेऊन बसून राहिले.
दुसऱ्या दिवशी मेमो.
‘पण जाते कसं म्हणू, मॅडम, तिन्हीसांजेला?
जाते म्हणून कुणी उंबऱ्याबाहेर पडतं का?’

शुक्रवारी हॅज बीन आणि हॅज गॉन.
बीन म्हणजे जाऊन आला.
गॉन म्हणजे गेलाय, अजून तिकडंच.
उदाहरणाला मी दिल्ली घेतली.
दिल्लीत कुणाचंच काही नव्हतं.
नरेशने भाऊ दिला : मस्कत, क्रेनवर, सहावं वर्ष.
‘गॉन,’ सगळा वर्ग म्हणाला.
‘फोन रोज येतो पण,’ नरेश म्हणाला,
त्यावर अर्धा गुण मिळेल अशा आवाजात.

‘आणि आमचं खाचर?’
सुगंधाबाई खिडकीकडे बघत नव्हत्या.
खिडकीबाहेर टॉवरचं तीन मजली पार्किंग.

मी म्हटलं, जमीन जात नाही हो इंग्रजीत.
ती कुणीतरी घ्यावी लागते. टेक, टुक, टेकन.
कर्ता लिहावा लागतो.
त्यांनी लिहिलं. खोडलं. पेन्सिलीचं टोक तोंडात.
‘कर्ता लिहून लिहून सासरा गेला, मॅडम.
साडेबारा टक्क्यांची फाईल हाये अजून, कपाटावर,
बारशाच्या पाळण्यामागं.’

हा ‘गेला’ बीन की गॉन,
कुणी विचारलं नाही.
मी पुढचं पान उघडलं, त्यावर चित्र होतं,
एक मुलगा बॉल फेकतोय. थ्रो, थ्रू, थ्रोन.

नऊ वाजले. बाकडी सरकली.
दारात, चपला पायानंच चाचपत,
त्या म्हणाल्या, ‘आय कम, मॅडम.’
चूक होती. खडू हातातच होता.
मी म्हटलं, ‘या.’