सहा इंच

वर्लिन हॉगस्टॅड अडतीस वर्षं फुटबॉल शिकवतोय
आणि चेंडू त्यानं क्वचितच पाहिलाय.
लाइनच्या कोचनं चेंडू बघायचा नसतो, म्हणतो,
चेंडू बघायला अख्खं गाव आलंय ब्लँकेटं गुंडाळून.
आपण पावलं बघायची.

मी या शाळेत आलो बीजगणित शिकवायला,
नॉर्थ डकोटाच्या या कोपऱ्यात, जिथं गव्हाच्या कोठाराहून उंच
काहीच नाही.
पहिल्याच आठवड्यात त्यानं कॅमेरा माझ्या गळ्यात मारला:
गणितवाला आहेस, कोन कळत असतील तुला.

शनिवारी सकाळी फिल्म.
शेजारच्या खोलीत ड्रायरमध्ये कालच्या जर्स्या धडधडतात,
आणि आम्ही चार सेकंद तासभर बघतो.
मागे घे.
अजून.
हां, उजवं पाऊल.

पहिलं पाऊल सहा इंच. वीतसुद्धा नाही.
जास्त टाकलंस की क्षणभर एका पायावर आलास,
आणि एका पायावरच्या माणसाला
वाराही पाडतो.

ओरिन क्रोलिकला क्वार्टरबॅक व्हायचं होतं.
बिटाच्या शेतातलं पोर, हात लांब, पाय जड.
कोच म्हणाला, सेंटर.
म्हणजे वाकायचं, दोन पायांतून जग उलटं बघायचं,
चेंडू मागे द्यायचा
आणि मान वर होण्याआधी
समोरच्याचा अख्खा देह अंगावर घ्यायचा.
नाव कुणी घेणार नाही. चुकलास तरच घेतील.

आई शाळेत येऊन भांडून गेली.
तो मात्र कोठाराच्या भिंतीवर रंगानं एक गोल काढून
उन्हाळाभर चेंडू मारत राहिला पायांतून,
दोनशे सकाळी, दोनशे दिवस कलल्यावर.
दोन पावलांमध्ये फळी ठेवलेली,
पाय तिला लागला की आकडा पुन्हा एकपासून.

तिसऱ्या वर्षी तो बोट दाखवून ओरडू लागला,
मधला डावीकडे सरकतोय! मागचा धावत येणार!
येणार म्हटला की यायचाच.
कोच म्हणाला, हं.
या गावात त्या हं-साठी लोक आयुष्यभर थांबलेत.

आणि मग नोव्हेंबर. चार गुणांनी मागे, चाळीस सेकंद,
चौथा डाव, हवं फक्त एक यार्ड.
आधीच्या डावात ढीग उठला, ओरिनही उठला
आणि दोन पावलं त्यांच्याच घोळक्याकडे चालला.
कॅमेऱ्यात मला ते दिसलं, कळलं नाही.
वर्लिन मात्र पावलं बघत होता.

त्यानं पोराला बाहेर बोलावलं, हेल्मेट काढून घेतलं,
आपल्या कोटाच्या आत घातलं आणि वरून चेन ओढली.
मी बरा आहे. द्या.
द्या ना!
स्टँडमधून शिव्या आल्या, त्यात ओरिनच्या बापाचा आवाज ओळखू आला.
पोटुशा बाईसारखा तो म्हातारा
तसाच उभा राहिला.

नववीतला एमेट आत गेला, बोटं गारठलेली.
चेंडू जमिनीवरून घरंगळला.
संपलं.

रविवारी रात्री कुणीतरी कोचची टपालपेटी मोडली.
त्यानं ती दोरीनं बांधली.

पुढच्या शनिवारी तो वेळेवर आला. मोसम संपला होता,
तरी म्हणाला, लाव.
मी घरंगळत्या चेंडूकडे बघत राहिलो,
तो म्हणाला, एमेटचं पाऊल बघ.
सहा इंच.
चोख.

मागे घ्या, दारातून आवाज आला.
ओरिन. अंधाऱ्या खोलीतही डोळे बारीक केलेले.
अजून मागे.
पडद्यावर तो उठला, आणि चालू लागला.

मी कुठं चाललो होतो?

कोणीच बोललं नाही. मी फिल्म थांबवायला हात नेला,
वर्लिननं नको म्हणून मान हलवली.
पुन्हा एकदा बघितलं. मग अजून एकदा.
शेजारी ड्रायर थांबला.
ओरिन गेला, ऊन-ऊन जर्स्यांचा ढीग छातीशी धरून आणला
आणि खाली बसून घड्या घालू लागला,
नंबर वर येईल अशा.